एदुविहेसच्या हातातली दोरी

चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी एदुविहेसने गल्लीतली हंडी कुणालाही फोडू दिली नाही. मात्र हे घडलंच नाही असं धरून चालायचं, कारण गल्लीच्या समितीचा नियम आहे: हंडी फुटली तरच खेळ झाला.

तर, न घडलेली हकिगत अशी.

अकोल्मान गावातल्या त्या गल्लीत नाताळची हंडी म्हणजे सात टोकांची कागदी चांदणी, पोटात संत्री आणि शेंगदाणे. डोळे बांधलेल्याने काठी फिरवायची, आणि गच्चीवरच्याने दोरी ओढून हंडी वर पळवायची. लग्न होऊन आल्यापासून ही दोरी एदुविहेसची. महापौर बदलले, दोरीवरचा हात बदलला नाही.

मग स्तनातली गाठ काढताना डॉक्टरांनी तिच्या उजव्या काखेतल्या ग्रंथीही काढल्या. जखम भरली, पण हात खांद्याच्या वर जाईना. काखेतून कोपरापर्यंत कुणी तारा ताणल्यात असं वाटे. दंडाची मागची बाजू तर शेजारणीची असावी इतकी परकी.

धाकटा दीर नाबोर विचारपूस करायला आला आणि जाताना दोरी घेऊन निघाला.

"वहिनी, आराम करा. यंदा मी बघतो."

"भावजी, मागे मी पाणी प्यायला गेले तेवढा वेळ तुम्ही दोरी धरलीत, तेव्हा हंडी आधी फुटली. मारणारा अजून काठी शोधत होता."

"मग करा की हात वर! लगेच दोरी परत."

हात वर झाला नाही. भुवई झाली.

व्यायाम शिकवणाऱ्या सितलालीने उपाय सांगितला. "काकू, दारावर कप्पी लावा. दोरीची टोकं दोन्ही हातांत. चांगला हात खाली, दुखरा आपोआप वर. ताण जाणवू दे, कळ आली की थांबायचं."

"अगं, हे तर मी जन्मभर करतेय. फक्त हंडीच्या जागी माझाच हात!"

झोपताना काखेखाली मऊ उशी, दिवसा अंगणात कप्पी. कंटाळा आला तेव्हा तिने दोरीला मक्याचं कणीस बांधलं. नाताळसाठी पोसलेला टर्की त्याच्यावर झेपावू लागला आणि ती कणीस वर पळवू लागली. तारा सैलावल्या. वेणी घालता आली, मग वरच्या फळीवरचं पातेलं काढता आलं. टर्की इतका काटक झाला की त्याला कापणं म्हणजे खेळाडूचा अपमान. घरच्यांनी मुकाट्याने डाळ भिजवली.

नाबोर पुन्हा आला तेव्हा एदुविहेसने उजव्या हाताने त्याची टोपी उचलली आणि दाराच्या चौकटीवर ठेवली. त्याला ती काढायला स्टूल लागलं. दोरी तो त्याच दिवशी देऊन गेला.

"हलकी हंडी, आणि दमलात की डावा हात," सितलालीने बजावलं.

चोवीस तारखेला पोरं हरली, त्यांचे बाप हरले. शेवटी नाबोरने डोळे बांधून घेतले. एदुविहेसचा उजवा हात कानाला लागून सरळ वर गेला, चांदणी वर उडाली, नाबोरची काठी समितीच्या अध्यक्षांच्या मक्याच्या पेजेत. पोरांसाठी तिने त्याच हाताने गच्चीवरून टोपलीतली संत्री उधळली. एकही ओंजळीबाहेर पडलं नाही.

"पण हंडी कुठे फुटली?" अध्यक्ष अंगावरची पेज पुसत म्हणाले. "खेळ झालाच नाही!"

एदुविहेसने हात वर ठेवूनच खालच्या समितीला खणखणीत आवाजात कळवलं:

"सबब, सदर हंडी फुटेपर्यंत पंचवीस डिसेंबर ही तारीख तहकूब ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती. अर्जदार अद्याप दमलेली नाही."