दुसरा हात बाकी

रंगाऱ्याने ग्लास उजेडात धरला. तळाचा थर अजून पातळच होता. शिजवायचं काही नाही म्हणजे झटपट होईल, असं समजून त्याने चियाचे बारीक दाणे सकाळी उठल्यावर दुधात भिजवले होते. ते फुगायचं नाव घेत नव्हते. त्यावर आंबा, मग पुन्हा चिया आणि वर डाळिंबाचे दाणे, असा बेत होता.

मुलगी पाठीवरची सॅक न काढता ओट्यापाशी उभी होती. आईबाबा वेगळे झाल्यापासून ती पहिल्यांदाच या घरी आली होती. नाश्ता झाला की लगेच ये, असं बजावून तिची आई खाली गाडीत थांबली होती.

"बाबा, ओत ना सगळं एकदम!"

"छे! पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो. भिंत असो नाहीतर हे. सगळा राडा होईल."

खालून हॉर्न वाजला. रंगाऱ्याने आंब्याच्या फोडी चमच्यात घेतल्या, ग्लासावर धरल्या आणि परत वाटीत टाकल्या.

"नाही जमलं गं मला. जा तू, आई चिडेल."

मुलीने ग्लास हळूच तिरका करून पाहिला. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. ती ग्लास ठेवून तरातरा निघाली. गेली असं समजून त्याने तोंड फिरवलं.

मागे खिडकी उघडल्याचा आवाज झाला.

"आई, तू जा!" ती खाली ओरडली. "अजून दुसरा हात बाकी आहे!"