डोणगावकर मॅडम विरुद्ध लग्नसराई

वनमाला डोणगावकर यांनी रायपूरच्या मुलींच्या कॉलेजात सव्वीस वर्षं बास्केटबॉल शिकवला. या सव्वीस वर्षांत त्यांचा संघ भिलाईकडून हरला, बिलासपूरकडून हरला, आणि एकदा तर समोरचा संघ आलाच नाही तरी जिंकला नाही, कारण आपल्याही चारच जणी आल्या होत्या. पाचवीला त्या दिवशी अमरावतीचे लोक पाहायला येणार होते.

भिलाई, बिलासपूर ही नुसती नावं. मॅडमचा खरा सामना असायचा लग्नसराईशी. तुळशीचं लग्न लागलं की त्या संघाची यादी शाईऐवजी पेन्सिलने लिहायच्या, आणि फाल्गुन येईपर्यंत संघातल्या दोन-तीन जणी तरी बाद झालेल्या असायच्या. मीरा म्हणून एक होती, अर्ध्या मैदानावरून नेम धरायची. ती सेमीफायनलच्या दिवशी कोपरापर्यंत मेंदी लावून आली आणि म्हणाली, "मॅडम, आज बॉल नाही पकडता येणार. रंग उतरेल."

त्यामुळे मॅडम मुलींना कमी आणि त्यांच्या आयांना जास्त शिकवायच्या. पोरगी काळी पडेल? सराव पाचनंतर, ऊन उतरल्यावर. हात राकट होतील? मोहरीचं तेल लावा. चाल पुरुषी होईल? हे ऐकलं की मॅडम उठून त्या बाईसमोर चालून दाखवायच्या. निवड-चाचणी कॉलेजात व्हायची ती कागदावर. खरी चाचणी व्हायची संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तात्यापाऱ्यापासून रेल्वे कॉलनीपर्यंत मराठी माणसांची जितकी घरं, तितक्या घरी मॅडम जायच्या. बाकीच्या बायका साड्या पाहायच्या, वाण काय दिलं ते पाहायच्या. मॅडम मनगटं पाहायच्या.

दोन हजार साली नोव्हेंबरात भोपाळपासून राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहराला ऑफिसं पुरेनात. मुलींची कॉमन रूम एका खात्याने घेतली. बास्केटबॉलचं मैदान सिमेंटचं, सपाट आणि वर कडुनिंबाची सावली. साहेबांच्या गाड्यांसाठी यापेक्षा चांगली जागा साऱ्या राजधानीत नव्हती. रोज अकरा पांढऱ्या अँबेसेडर तिथे उभ्या राहू लागल्या. मॅडमनी दोन अर्ज केले. दुसऱ्या अर्जाचं उत्तर आलं की पहिला अर्ज भोपाळला पाठवला आहे. मग त्यांनी मुलींना गाड्यांच्या मधून ड्रिबल करायला शिकवलं. "डिफेन्सच समजा," त्या म्हणायच्या. "फरक इतकाच, की हिला फाऊल लागत नाही."

तेवढ्यात प्राचार्यांनी बोलावलं. मार्चमध्ये नव्या राज्याची पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, फायनल आपल्याच मैदानावर, बक्षीस द्यायला मंत्रीजी. त्यातूनच राज्याचा पहिला संघ निवडणार. "कप राजधानी में ही रहना चाहिए, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "अब हम राजधानी हैं।" राजधानी झाल्यावर मुली आपोआप चार इंच वाढतात, असा त्यांचा समज असावा. कारण त्याच आठवड्यात मॅडमची सगळ्यात उंच खेळाडू विजया पेढे घेऊन आली होती. पेढे अकोल्याचे होते.

त्यानंतर संक्रांत आली. रेल्वे कॉलनीत कमलाबाई भुसारींकडे हळदीकुंकू होतं. हरिदासराव भुसारी रेल्वेत बडे बाबू, कमलाबाई मूळच्या वर्ध्याच्या. मॅडम कुंकू लावून घेत होत्या, तेवढ्यात आतून तिळगुळाचं ताट घेऊन एक मुलगी आली, आणि दारातून येताना खाली वाकली.

मॅडम कुंकू अर्धवट सोडून वळल्या. चौकट त्यांनी नजरेनेच मोजली. मग मुलीचं मनगट पाहिलं, बोटं पाहिली. बोटं अशी लांब, की अख्खं ताट एका हातावर सहज तोललेलं.

"ही आमची पिंकी," कमलाबाई म्हणाल्या. "तुमच्याच कॉलेजात आहे न. बीए सेकंड इयर."

"माझ्या कॉलेजात? मग मला कशी दिसली नाही?"

दिसणार कशी? लहानपणापासून आईने शिकवलं होतं, खांदे पाड, मान घाल, गुडघ्यात थोडी वाक. पिंकी दोन वर्षं कॉलेजात वाकून आली आणि वाकूनच घरी गेली.

"उंची किती हिची?" मॅडमनी विचारलं.

खोलीतल्या सगळ्या बायका जरा पुढे सरकल्या.

"पाच-पाच," कमलाबाई म्हणाल्या. मग मॅडमच्या तोंडाकडे पाहून, "फार तं पाच-सहा."

"चष्मा?"

"नाही, नाही!"

"दम लागतो का? जिना चढल्यावर?"

"अजिबात नाही. साऱ्या घराचं पाणी तेच भरते."

"अंडं खाते?"

कमलाबाई जरा घुटमळल्या. "तुमच्याकडे चालत असन तं पोरगी खाईन."

मॅडम खुशीत घरी आल्या आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. नरहरराव वीज मंडळातून निवृत्त झालेले, बोलायचे कमी. त्यांनी पेपर खाली ठेवला. "वनमाला, तू पाच बायकांसमोर एका लग्नाच्या मुलीची उंची, चष्मा आणि तब्येत विचारलीस?"

"हो. मग?"

"मग काही नाही. आपल्या नीलेशला कळवून ठेव."

नीलेश म्हणजे नरहररावांचा पुतण्या, नागपूरला इंजिनीअर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कमलाबाई हजर. हातात साबुदाण्याचे वडे आणि पिंकीचा बायोडाटा. त्यात उंची पाच-पाच, रंग गव्हाळ.

मॅडमनी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. अगदी उघडलं होतं. पण कमलाबाईच आधी म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरची जे पद्धत असन ते सांगा. आमची काही ना नाही. आतापासूनच वळण लावा तिले."

सव्वीस वर्षांत एकाही आईने हे वाक्य म्हटलं नव्हतं. मॅडमचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून भलतंच निघालं, "रोज पाच वाजता मैदानावर पाठवा."

"हव," कमलाबाई म्हणाल्या.

पिंकीला बॉल टाकणं मॅडमनी पहिला आठवडा शिकवलंच नाही. ताठ उभं राहायला शिकवलं. भिंतीला पाठ, खांदे मागे, हात वर. विसाव्या वर्षी मुलगी पहिल्यांदा पूर्ण उभी राहिली, आणि बाकीच्या मुलींनी वर पाहून एकदम "अरे बापरे" म्हटलं. मॅडमनी टेप लावला. पाच फूट साडेदहा.

मग शिकवणं सोपं होतं. रिंगखाली जायचं, हात वर करायचे, तीन सेकंदांत बाहेर यायचं. बॉल वरून येतो, तो घ्यायचा. गाड्यांच्या टपावरून तिचा हात आरामात पलीकडे पोचायचा. ड्रायव्हर लोक चहा सोडून बघायला येऊ लागले.

कमलाबाई दर दोन दिवसांनी फेरी मारायच्या आणि नीलेशबद्दल विचारायच्या. मॅडमनी ठरवलं होतं, खोटं बोलायचं नाही. नागपूरला असतो. हो, स्वतःची स्कूटर आहे. नाही, दारू पीत नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर मॅडमना पाणी प्यावंसं वाटायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी कमलाबाई आनंदात आल्या. "ताई, एक सांगू का? अभनपूरचं स्थळ आलं होतं. घरची शेती, धानाचा व्यापार, एकुलता एक पोट्टा. आम्ही नाही म्हणून कळवलं. म्हटलं, एका ठिकाणी शब्द अडकला असताना दुसरीकडे काहून पाहावं?"

त्या दिवशी मॅडमच्या तीन पोळ्या करपल्या. नरहररावांनी करपलेली पोळी निमूट खाल्ली आणि म्हणाले, "सांगून टाक."

"फायनलनंतर सांगते."

"म्हणजे प्रामाणिकपणाची तारीख तू स्पर्धेचं वेळापत्रक पाहून ठरवलीस."

मॅडमना राग आला, कारण ते खरं होतं. खरं सांगितलं की पिंकी उद्यापासून घरात, हे त्यांना ठाऊक होतं. नाही सांगितलं तर तिचं आणखी एखादं स्थळ हातचं जाणार. आजवर लग्नाने त्यांच्या मुली पळवल्या होत्या. आता त्यांनी लग्नाची मुलगी पळवली होती, आणि यात जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर त्यांनी पिंकीला बाजूला घेतलं. "पिंकी, तुझ्या आईला वाटतंय की नीलेश..."

"मालूम है, मॅडम." पिंकी बुटाची लेस बांधत होती. "नीलेश भैया को तो कुछ पता भी नहीं होगा।"

ज्याच्याशी लग्न ठरतंय म्हणून सारी रेल्वे कॉलनी बोलत होती, त्याला ती भैया म्हणत होती. मॅडम खाली बसल्या. "मग तू बोलली का नाहीस?"

"आप क्यों नहीं बोलीं?" पिंकी उभी राहिली, पूर्ण पाच फूट साडेदहा. "मार्च तक मत बताना मॅडम, प्लीज़।"

फायनलच्या दिवशी दहा गाड्या सकाळीच हलल्या. अकरावीचा ड्रायव्हर किल्ली घेऊन सासरी गेला होता. ती वीस जणांनी ढकलत मैदानाबाहेर काढली. साहेबांनी चौकशी लावली ती गाडी कोणी ढकलली याची. मांडव पडला, सोफे आले, मंत्रीजींसाठी कूलर आला. भिलाईचा संघ आला. आणि पहिल्या रांगेत, सोफ्यांच्या मागे, नारायणपेठी नेसून कमलाबाई आल्या. सोबत हरिदासराव, दोन जावा, एक आत्या आणि चिवड्याचा डबा.

"नीलेशराव कुठे बसले?" त्यांनी मॅडमना हळूच विचारलं. पिंकीला सगळ्या घरादारासमोर खेळताना पाहायला मुलाकडचे आज येणारच, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मॅडम काहीतरी पुटपुटल्या आणि शिट्टीच्या आवाजाकडे पळाल्या.

खेळ सुरू झाला आणि मॅडमना कळेना, पिंकीला झालंय काय. बॉल डोक्यावरून जात होता आणि ती हात वर करत नव्हती. खांदे पडलेले, मान खाली. भिलाईची पाच-चारची मुलगी तिच्यासमोर उडी मारून बॉल नेत होती. मॅडमनी पिंकीच्या नजरेच्या रेषेत मागे वळून पाहिलं. पहिल्या रांगेत कमलाबाई मांडीवरचा पदर सावरत, तळहात पालथा करून खुणावत होत्या. खाली. खाली. वाक.

बिचारी बायोडाट्यातली उंची सांभाळत होती.

मध्यंतराला आठ विरुद्ध बावीस. मुली पाणी पीत होत्या. प्राचार्य रुमालाने मान पुसत म्हणाले, "मॅडम, राजधानी की इज़्ज़त का सवाल है।" मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या सरळ पहिल्या रांगेकडे गेल्या आणि कमलाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"कमलाताई, नीलेश आलेला नाही. येणारही नाही. त्याला यातलं काही माहीतच नाही. मी त्या दिवशी तुमची मुलगी पाहिली ती माझ्या संघासाठी. तुमचा गैरसमज झाला आणि मी तो होऊ दिला. चूक माझी आहे. आता तिला घरी न्यायची तर न्या."

आत्याच्या हातातला चिवडा हातातच राहिला. हरिदासरावांनी चष्मा काढला. कमलाबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"म्हणजे मुलाकडचं इथं कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"मंग मी घंटाभरापासून कोणासाठी पोट्टीले वाकवून राहिली?"

हरिदासरावांनी चष्मा पुसत पहिल्यांदाच तोंड उघडलं. "कमला, राज्याच्या टीममधून नॅशनल खेळली तर रेल्वेत स्पोर्ट्स कोटा असतो. आमच्या ऑफिसात दोघी लागल्या."

"हे आता सांगता?"

"तू विचारलं कधी?"

शिट्टी झाली. कमलाबाईंनी मॅडमकडे अशी नजर टाकली की मॅडम दोन पावलं मागे सरल्या. "तुमच्याशी मी नंतर बोलते," त्या म्हणाल्या. मग उठल्या, पदर कमरेला खोचला, आणि मंत्रीजींच्या रिकाम्या सोफ्यावरून मैदानात ओरडल्या, "पिंकी! सीधी उभी राह! कोणी नाही आलं!"

पिंकीने आईकडे पाहिलं. मग मॅडमकडे. मग तिने खांदे मागे घेतले. भिलाईच्या मुलींनी वर पाहिलं.

पुढचा खेळ कसा झाला ते भिलाईवाले अजून सांगतात, पण वेगळं सांगतात. बॉल वरून आला की तो पिंकीचा. एकोणतीस-एकतीस. तेहतीस-चौतीस. मग राजधानीचे सदतीस आणि भिलाईचे छत्तीस झाले, आणि खेळ संपायला चार मिनिटं असताना सायरन वाजला. मंत्रीजी आले. एका अधिकाऱ्याने पळत येऊन पंचाच्या तोंडातली शिट्टी स्वतःच वाजवली. "मॅच समाप्त! सर को एअरपोर्ट जाना है।"

भिलाईचे कोच भांडले. घड्याळ दाखवलं, नियमाचं पुस्तक दाखवलं. अधिकारी म्हणाले, लेखी द्या. मॅडम आयुष्यात कधी चार मिनिटं सोडणाऱ्या नव्हत्या. त्या पुढे झाल्या, भिलाईच्या कोचकडे पाहिलं, फळ्यावरच्या सदतीस आकड्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या एकदम लक्षात आलं की आपला घसा बसला आहे.

माइकवरून नाव पुकारलं, "श्रीमती वनमाला डोणगावकर!" त्या निघाल्या तर कोपराला हात पडला.

"आधी माझं ऐका," कमलाबाई म्हणाल्या. "अभनपूर गेलं ते तुमच्यामुळं."

"हो."

"मंग आता स्थळ तुम्हीच शोधायचं. बीए झाल्यावर. नॅशनल खेळल्यावर. आणि मी पाच-पाचवाला पाहणार नाही, सांगून ठेवते. तुमचा नीलेश किती?"

"पाच-चार," मॅडम म्हणाल्या.

"पाच-चार!" कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी त्याच्यासाठी अंडे उकडून राहिली दोन महिन्यापासून! नाही, ताई. तुमच्या नीलेशले आमच्याकडून नाही सांगा."

ज्या पुतण्यासाठी कधी मुलगी मागितलीच नव्हती, त्याला नकार आला, आणि मॅडमना चक्क वाईट वाटलं. मुलगा काही इतका वाईट नव्हता.

माइकवरून दुसऱ्यांदा नाव आलं. मंत्रीजी कप हातात धरून घड्याळ पाहत होते. फोटोवाला ओरडत होता.

"जा," कमलाबाई म्हणाल्या, पण कोपर सोडलं नाही. "सहा फूट पाहिजे. नोकरीवाला. आणि तिची मॅच असन त्या दिवशी पाहायला यायचं नाही. कबूल?"

"कबूल," मॅडम म्हणाल्या. त्या मंचाच्या पायऱ्या चढल्या, सव्वीस वर्षांतला पहिला कप घेतला, फोटोसाठी हसल्या, आणि मंत्रीजींच्या मागे उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला खालपासून वरपर्यंत पाहून विचारलं, "भैया, आपकी शादी हो गई?"