हौसाकाकीची परतलेली पाळी

"शिवू नको गो मना! लांब हो, लांब!"

मागच्या दाराशी चटईवर बसलेली हौसाकाकी अशी काही लाडात ओरडली, की शाळेतून आलेली रुचिका दप्तरासकट उंबऱ्यातच थबकली. पाळीत बाजूला बसायचं म्हटलं की त्या घरातल्या बायकांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची. रुचिकाची आई विनिता तर त्या चार दिवसांत ताटवाटीशीसुद्धा भांडायची. आणि इथे काकी बघा! पाय पसरून, गालात विडा धरून, पाटलीणबाईसारखी ऐसपैस. जो दिसेल त्याला सांगतेय, शिवू नको म्हणून. कुणी विचारलेलं नसताना.

रुचिकाला उमगायला जरा वेळ लागला, कारण काकीची पाळी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती.

हौसाकाकी म्हणजे तिच्या थोरल्या काकांची, केसरीनाथकाकांची बायको. मूलबाळ नाही. रुचिकाला जन्म दिला विनिताने, पण अंगाखांद्यावर वागवलं काकीने. पाळी गेली तेव्हा विनिता म्हणाली होती, "सुटलात जाऊबाय!" आणि काकी त्या दिवशी जेवलीच नव्हती. आळीतल्या बाकीच्या बाया सुटायच्या तेव्हा त्यांची दोन-चार पोरं अंगणात बागडत असायची. काकी सुटली ती नुसतीच सुटली.

आणि आता पाळी परत आली होती. शेजारच्या काशीने कुंपणावरूनच तोंड सोडलं, "काय गो हौसा, म्हातारपनी नवरी जालीस का काय? पाचवी पुजाला आमाला बोलव हां!"

"बोलवीन, बोलवीन! साखर घेऊन ये," काकी म्हणाली, आणि पदर तोंडावर घेऊन लाजली. पन्नाशी उलटलेली बाई, दहावीतल्या पोरीसारखी लाजली.

संध्याकाळी केसरीनाथकाकांनी दोन मोठे पापलेट विनिताच्या हातात दिले. "तिला आवडतान," एवढंच बोलले आणि पाठ फिरवली.

काकीच्या मते हे सगळं वज्रेश्वरीच्या देवीचं देणं होतं. चैत्रात जत्रेला गेली, गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केली, आणि देवीने ऐकलं. आता पाळी सुटली की न्हाऊनधुऊन देवीची ओटी भरायला जायचं, असं ठरलंही.

पण त्याआधी तिला एक शिक्का हवा होता. तो रुचिकाचा.

कारण रुचिका त्या दिवसांत आळीतली विद्वान होती! झालं होतं असं, की शाळेत विज्ञानाच्या संघरत्ना मॅडम मानवी प्रजननाच्या पाठापाशी आल्या आणि म्हणाल्या, "हा भाग घरी वाचून या." मागच्या वर्षी कुणाच्या तरी बापाने येऊन आरडाओरड केली होती म्हणे. वर्गात खसखस पिकली. तेव्हा रुचिका उभी राहिली. "मॅडम, मी वाचते मोठ्याने." आणि वाचला की तिने! अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, योनी, एकाही शब्दाला न अडखळता. मुलं बाकाखाली तोंडं लपवून हसत होती. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचं हसूच संपलं. तेव्हापासून ती दोन बोटं उंच झाल्यासारखी चालायची. पाळीत बाजूला बसायचंही तिने सोडलं. आईने आदळआपट केली, पण ही ऐकते कसली.

"बाय, तू शिकलीस ना त्या सगला?" काकीने तिला चटईपाशी बोलावलं. "मंग मना सांग. पाळी परत आली म्हंजे पोर व्हईल ना?"

रुचिकाला तर कोण आनंद! घरचाच मागाचा कारखाना, त्यामुळे ग्रे कापडाच्या चिंध्यांना, म्हणजे मागावरून उतरलेल्या, रंग न चढलेल्या कापडाला तोटा नव्हता. तिने एक चौकोनी तुकडा पसरला, कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला आणि पुस्तकातली आकृती झराझरा काढली.

"हे बघ. हे गर्भाशय, तुम्ही पिशवी म्हणता ते. वर दोन्ही बाजूंना ह्या दोन नळ्या. आणि नळ्यांच्या टोकांशी ही अंडाशयं."

काकीने मान वाकडी करून पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली. "गो बाय माजे! ह्यो त बैलाचा तोंड हाय! ही शिंगा, ह्या कपाल, नि ह्या खाली थोबाड!"

"आणि शिंगांच्या टोकांना गोंडे," रुचिकाही हसली. खरंच बैल दिसत होता, शर्यतीला सजवून काढलेला. "महिन्याला एका गोंड्यातून एक बीज सुटतं. इकडे कपाळाच्या आतून अस्तर चढतं, मऊ, रक्ताचं. बाळ येणार म्हणून गादी घालून ठेवतात ना, तसं. बाळ नाही आलं की ते अस्तर गळून जातं. तीच पाळी."

"नि आलं त?"

"आलं तर त्याच गादीत रुजतं."

काकीचं हसू हळूहळू विरलं. तिने बोटाने बैलाचं कपाळ चाचपलं. "इतकी वर्सा गादी घातली नि उचलली," ती म्हणाली. "निजाला कोन न्हाय." मग एकदम मान वर करून, "पन आता देवीनं परत घातली ना?"

"थांब, सांगते ना पुढचं. ही बीजं जन्माला येतानाच आलेली असतात. नवीन होत नाहीत. पन्नाशीच्या आसपास गोंडे दमतात, हुकूम द्यायचे थांबतात. हुकूम नाही तर अस्तर नाही. आणि अस्तरच नाही तर..."

खडू तिथेच थांबला. तर मग हे रक्त कुठून येतंय?

"काय जाला?" काकीने विचारलं. "थोबाड का पडला तुजा?"

"काही नाही. पुढचं वाचायचं राहिलंय माझं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने संघरत्ना मॅडमना गाठलं. मॅडमनी हातातला डबा बंद केला. "रुचिका, वर्षभर पूर्ण थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर ती पाळी नसते. कधी कारण साधं असतं, कधी नसतं. डॉक्टरने बघितल्याशिवाय कळत नाही. काकींना घेऊन जा. वाट बघू नका."

हे सांगायला घरी गेली, तर घर अंगावर आलं.

"पाळी न्हाय? मंग काय हाय, मेंदी?" काकीचे डोळे लाल झाले. "चार दिस पाळी काय आली तुना, मना शिकवाला लागलीस? देवीनं दिला त्या तुज्या डोल्यात खुपतंय!"

"काकी, मी फक्त म्हणते की डॉक्टर..."

"तुज्या जिभेला हाड न्हाय गो. जल्मात एकदा माजी पाळी आली, नि तू बोलतेस खोटी हाय."

विनिताने लेकीला दंडाला धरून आत ओढलं. "वाचलास तो धडा पुरे जाला. मोठ्या मानसाचा मन मोडतान का असा?"

मन मोडायचं नव्हतंच. रुचिका रात्रभर तळमळली. गप्प बसलं तर काकीचा आनंद टिकत होता, आणि बोललं तर कदाचित काकी. पण ऐकायलाच कुणी तयार नव्हतं. चार दिवस गेले, आठवडा गेला, काकी चटईवरच. पाळी सुटेना, आणि ओटीचं जाणं पुढेपुढेच ढकललं जात होतं. काकीचा विडा बंद झाला. काशीचे विनोद बंद झाले. चटईवरून उठताना काकी हल्ली भिंत धरायची.

शेवटी रुचिका कारखान्यात गेली. काकांशी असलं बोलायचं म्हणजे! पण दुसरं कोण होतं?

आत चोवीस माग एकदम धडधडत होते. मागांची देखभाल करणाऱ्या जॉबर यादवने हातानेच खूण केली, सेठ मागे आहेत. काका एका मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होते.

"काका! काकीची पाळी!" ती ओरडली.

"कोनाची रातपाळी?" काका ओरडले. "यादवला इचार!"

"रातपाळी नाही! काकीची! ती पाळी नाहीये!"

"बदली दिली का कोनी?"

घसा फाटला. आजूबाजूचे कामगार बघायला लागले, आणि जिने भर वर्गात योनी म्हटलं होतं तिला रडू फुटायची पाळी आली. तेव्हा तिला आठवलं, की मागावर जन्म काढलेली माणसं कानांनी ऐकतच नाहीत. ती ओठ वाचतात. ती काकांसमोर सरळ उभी राहिली आणि आवाजच न काढता, एकेक शब्द सावकाश ओठांनी म्हणाली. काकीला आलीय ती पाळी नाही. पिशवीत काहीतरी झालंय. मॅडम म्हणाल्या, डॉक्टर. लवकर.

काकांनी सगळं वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला. त्यांनी हात लांबवून समोरचा माग बंद केला. बाकीचे चालूच होते.

काकांचा शब्द काकीने मोडला नाही. आधी सोनोग्राफी झाली, मग पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. तुकड्याचं उत्तर येऊन आणखी फोटो काढेपर्यंत आषाढ लागला. डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पाहून पेन उचललं आणि एका कोऱ्या पानावर तीच आकृती काढली.

"ह्यो बैल मना म्हाईत हाय," काकी हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. त्या कपाळाच्या आत रेघा मारत राहिल्या. "अस्तरात गाठ वाढलीये. इथून सुरुवात." पेन कपाळ ओलांडून एका शिंगावर गेलं, मग आकृतीच्या बाहेर, पानाच्या कोऱ्या भागात. "आणि आता इथपर्यंत. काकू, पहिला डाग कधी दिसला होता?"

काकी पदराची किनार चिमटीत धरून बसली. "दिवालीला."

"दिवाळीला?" काकांनी मान वळवली. "जत्रेच्या आदी?"

"थोरा थोरा दिसायचा. मी बोल्ले न्हाय कोनाला. तीन म्हैने तरी सांगाचा नसतो ना? नजर लागते." ती डॉक्टरीणबाईंकडे बघून समजावू लागली, "पक्का व्हऊ दे, मंग सांगू, असा वाटला मना."

गरोदर बाया पोटातलं लपवतात, तसं काकीने ते रक्त लपवलं होतं. सांगितलं ते थेट जत्रेनंतर, देवीचं नाव लावून.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनबद्दल, मुंबईला घ्यायच्या शेकाबद्दल, म्हणजे किरणांच्या उपचाराबद्दल, खूप काही बोलल्या. आधी आला असतात तर सोपं होतं, हेही बोलल्या. काका मान हलवत होते. काकीने मात्र रुचिकाचा हात ओढून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"म्हंजे पोर न्हाय?"

"नाही काकी," रुचिका म्हणाली. इतकं सोपं वाक्य तिला कधीच इतकं जड गेलं नव्हतं.

रिक्षा घरापाशी थांबली. काकी उतरली, मागच्या दाराला गेली आणि चटईवर जाऊन बसली.

"जाऊबाय, आत चला ना," विनिता म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ती पाळी न्हाय आता. कोनी बाजूला बसाला सांगितलाय तुमाला?"

"मंग काय हाय त्या?" काकीने विचारलं.

 विनिता आत जाऊन भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी.

रुचिका येऊन चटईपाशी उभी राहिली.

"लांब हो. शिवशील."

"माझी पण आलीय आज सकाळी."

काकीने तिच्याकडे पाहिलं. बाजूला बसणं सोडलेली ही पोर, आईशी भांडून भांडून जिंकलेली. काकी जरा सरकली. अर्धी चटई मोकळी झाली.

थोड्या वेळाने काकीने मांडीखालून ग्रे कापडाचा तो तुकडा काढला. इतके दिवस त्यावरच बसली होती की काय, निळा बैल पार पुसट झाला होता. एक शिंग तर दिसतच नव्हतं.

"ह्याला डोले काढ गो. आंधला ठेवलास बिचाऱ्याला."

दारामागे कोनाड्यात खडू होता. रुचिकाने दोन डोळे काढले. शिंगही परत काढू लागली, तर काकीने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे त्या. गेला त गेला." मग म्हणाली, "तुजे गोंडे भरलेले हान ना अजून?"

"हो."

"बरा हाय."

कारखान्याची दिवसपाळी संपली. कामगार बाहेर पडू लागले आणि यादव नेहमीसारखा ओरडला, "चलो, पाली छूटी!"

काकी त्या आवाजाकडे कान देऊन बसली होती. "तुजी चार दिसांनी सुटंल," ती म्हणाली. "उठून जा हां मंग. मना सोबत म्हनून बसू नको."

  रुचिकाने पाय पोटाशी घेतले, आडवी झाली आणि लहानपणी ठेवायची तसं डोकं काकीच्या मांडीवर ठेवलं.

काकी तिला शिवू नको म्हणाली नाही.