फक्त हात बघायचाय

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. ओळंब्याची आधीच पुरती शोभा झाली होती, त्यात आपण कशाला भर घालायची? पण "लिही" म्हणाला तोच.

"पाणसळ ठेवून पातळी बघा साहेब," असं म्हणत ओळंब्या घाम पुसत बाजूला झाला. सकाळपासून खपून त्यानं बाथरूमची जमीन आणि नळाची भिंत फरशी लावून पुरी केली होती. केसभर तिरकं त्याला खपत नाही, म्हणूनच मजुरांच्या नाक्यावर त्याचं नाव ओळंब्या पडलं होतं.

इनशर्ट केलेल्या साहेबानं पाणसळ हातातसुद्धा घेतली नाही. "बघायचं काय त्यात? हात आहे की मशीन! कंपनीला असाच सुपरवायझर पाहिजे. इंटरव्ह्यू पास! सोमवारी ऑफिसचा पत्ता पाठवतो. तुझ्यासारखा आणखी कोणी आहे का रे?"

कायमची नोकरी! रोज सकाळी नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभं राहून ओळंब्याचे गुडघे आणि बायकोचा धीर, दोन्ही झिजले होते. "लोकांच्या घरी आरशासारखी जमीन, आणि आपल्याकडे रोजची लॉटरी," असं ती परवाच म्हणाली होती. त्या दिवसाचा रोज मागायचं त्याच्या मनातही आलं नाही. परीक्षेचे कोणी पैसे मागतं का? उलट परीक्षा म्हणूनच त्यानं जीव ओतला होता.

संध्याकाळी त्यानं जाड्याला गाठलं. जाड्या त्याचा जिवलग, एका मुकादमाकडे बांधलेला.

"आधी पत्ता तर येऊ दे," जाड्या म्हणाला.

"तोवर जागा भरेल. मी सांगतोय ना?"

"तू सांगतोयस म्हणून जातो हं."

जाड्यानं मुकादमाचं काम सोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच फ्लॅटच्या स्वयंपाकघरात इंटरव्ह्यू दिला.

सोमवार आला, पत्ता आला नाही. साहेबाचा फोन बंद. दोघं फ्लॅटवर गेले तर दार एका बाईंनी उघडलं. मागे खोक्यांचा ढीग.

"साहेब? म्हणजे कॉन्ट्रॅक्टर? त्यांचा हिशेब झाला की! तुम्ही त्यांची माणसं ना? बरं झालं आलात. बेडरूममधली एक फरशी पोकळ वाजतेय, तेवढी बघून द्या."

जाड्याला हसू फुटलं, कडू जहर हसू. ओळंब्या मात्र हॉलच्या दाराशी खिळला होता. प्रत्येक खोलीत वेगळा हात दिसत होता. आणि इथं, चौकटीला वळसा घालणारी फरशी दोन तुकडे न जोडता अखंड कापलेली. असं कापणारा नाक्यावर एकच माणूस, मामा.

मामा चहाच्या टपरीवर भेटले.

"मामा, तो हॉल तुमचा ना?"

मामा ग्लासात बघतच म्हणाले, "माझा."

"मी इथं सगळ्यांना ओरडून सांगत होतो, नोकरी लागली म्हणून. तुम्ही ऐकत होतात."

"लाज वाटली रे. अर्ध्या नाक्याला थापी धरायला मी शिकवलं. मीच फुकटात गंडलो, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"म्हणून आमचं तोंड फुटू दिलंत?" जाड्या म्हणाला.

ग्लास ठेवून मामा मान खाली घालून निघून गेले.

जाड्याच्या जागी मुकादमानं केव्हाच दुसरा माणूस घेतला होता. ओळंब्यानं जाड्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे जाड्या. कुणाला बोलू नकोस. लोक हसतील."

जाड्यानं तो हात झटकला. "वा! म्हणजे तूही मामाच."

पलीकडच्या बाकावर एक रंगारी कुणाला तरी खुशीत सांगत होता, "उद्या इंटरव्ह्यू आहे. मोठी कंपनी. साहेब म्हणाला, आधी एक खोली रंगवून दाखव, फक्त हात बघायचाय."

जाड्यानं ओळंब्याकडे बघितलं.

"शब्द देतो तुला," ओळंब्या उठत म्हणाला. "सकाळी नाका भरला की सगळ्यांसमोर सांगेन. कसा गंडलो, तुला कसं गोत्यात घातलं, सगळं. हसायचं तेवढं हसू देत. आणि सुरुवात ह्या रंगाऱ्यापासून, आत्ताच."