भिंतीकडे तोंड करा

पाइपाचा जोड सुटला आणि कॉस्टिक सोड्याचा फवारा नणंदेच्या मांडीवर बसला. ती मात्र हसत होती.

"अगं वहिनी, दुखत नाहीये. साबण लागल्यासारखं बुळबुळीत वाटतंय नुसतं."

कॉस्टिक आधी बुळबुळतं आणि मग गुपचूप कातडी खात जातं, हे साबणाच्या कारखान्यात कामावर घेतानाच सांगतात. तिला दंडाला धरून आवारातल्या शॉवरखाली ढकललं, साखळी ओढली.

"पँट काढ."

"इथे?"

शॉवर आवाराच्या मधोमध आणि समोर चहा पिणारे पुरुष. तिने कमरेशी पँट घट्ट धरली. "मेले तरी नाही काढणार."

"मरशीलच, बावळट!" मी ओरडले. घरी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी ही पोरगी नेमकी आज लाजत होती. मीच हट्टाने तिला कामाला लावलं होतं. सासूबाईंना काय तोंड दाखवू?

तिने ऐकलंच नाही. शेवटी मी पॅकिंगच्या बायकांना हाका मारल्या. त्या धावत आल्या, आमच्याकडे पाठ करून एप्रन पसरून उभ्या राहिल्या. फोरमन पुरुषांवर खेकसला, "भिंतीकडे तोंड करा सगळे!" तेव्हा कुठे तिचे हात सुटले. मी पँट खाली ओढली, ती गमबुटाशी अडकली.

आम्ही सगळ्याच जणी पँटचे पाय बुटात खोचतो. कॉस्टिकने ओल्या झालेल्या फरशीवर काठ जळून भोकं पडतात, म्हणून. शॉवरचं पाणी बुटावरून वाहून जात होतं आणि मांडीवरचं कॉस्टिक पँटच्या आतून उतरून बुटात साचलं होतं. इतका वेळ तिचं पाऊल त्यात भिजत होतं! बूट हातातून निसटत होता. मी रडत, शिव्या देत ओढला तेव्हा निघाला. मोज्याबरोबर जे सोलून आलं, ते मला बघवलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई सुई टोचून बघत होत्या. मांडीला टोचली तशी ती किंचाळली. "छान, इथली कातडी जिवंत आहे," बाई म्हणाल्या. मग पावलाला टोचली. पुन्हा टोचली. मी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होते. ओरड गं बाई, एकदा तरी ओरड.

तिने माझा हात थोपटला.

"बघ, उगाच घाबरलीस वहिनी. इथे तर काहीच दुखत नाहीये."