बोलत चढायची वाट

पहिल्या वळणावर वाटपारख्याने हिरव्या रंगात ब्रश बुडवला, तेव्हा मागून चढत येणारी बायको म्हणाली,

“पुढच्या महिन्यात मी लेकीकडे राहायला जातेय, कायमची. तुम्ही यायचं की इथेच राहायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

“सोपी,” तो म्हणाला आणि दगडावर पट्टा ओढून पुढे निघाला.

डोंगरवाटा किती सोप्या, किती अवघड हे ठरवणं त्याचं काम. मंडळाने चढ मोजायची यंत्रं दिली होती. ती घरी कपाटावर धूळ खात पडलेली. त्याचा सगळा भरवसा बायकोच्या जिभेवर. चढताना ती अखंड बोलली की वाट सोपी, हिरवा पट्टा. वाक्यं तुटायला लागली की पिवळा. गप्प झाली की लाल. इतक्या वर्षांत हे माप कधी चुकलं नव्हतं, आणि मापाला काय वाटतं हे कुणी विचारतं थोडंच?

पण वळणानंतर बाई गप्प. वाट तर अंगणासारखी सपाट. त्याने बुटाने माती उकरली, दगड हलवून पाहिले, मागे जाऊन तेवढाच तुकडा पुन्हा चालून आला. लाल डबा उघडला, बंद केला. लाल दिसला की लेकुरवाळी माणसं खालूनच परत फिरतात. हिरवा ओढावा, तर ही ओठ मिटून चाललेली.

“गुडघा दुखतोय?”

तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

“मग झालंय काय? बोल की काहीतरी. कामाचा खोळंबा होतोय.”

“बोलले की मघाशी.”

“केव्हा?”

“वळणावर. तुम्ही म्हणालात, सोपी.”

त्याने आठवून पाहिलं. वाक्य लांबलचक होतं, मध्ये कुठे धाप नव्हती, एवढं पक्कं आठवत होतं. शब्द मात्र हाती लागेनात.

“लेकीचं काही होतं का?” त्याने चाचपडत विचारलं.

ती दरीकडे बघत राहिली.

वाटेत थांबायचं नाही, माप बिघडतं, हा नियम त्याचाच. त्याने तिन्ही डबे खाली ठेवले, एका दगडावर बसला आणि शेजारची जागा हाताने झटकली.

“पुन्हा सांग.”

ती बसली. वाक्य तेच होतं. पण सपाटीवर, बसल्या जागी, ते सांगताना तिला दोनदा दम घ्यावा लागला.