रिकाम्या स्वेटरची बटणं

“आईचा हा स्वेटर मात्र कुणाला द्यायचा नाही,” ताई म्हणाली आणि तो मांडीवर पसरून गळ्यापासून एकेक बटण लावू लागली.

“अगंबाई! अगदी मालिकेतल्यासारखं!” शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या. “धाकटीचं बघून शिकलीस वाटतं?”

ताईचा हात तिसऱ्या बटणावर थांबला. काकू हसत हसत चहा टाकायला आत गेल्या.

धाकटी बहीण, म्हणजे टीव्हीवरची नटी, आई गेल्यावर तिचं कपाट आवरायला शूटिंग बुडवून आली होती. काकूंचं ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सात वर्षांपूर्वी भावोजी अपघातात गेले, तेव्हा ताई रडली नव्हती. पलंगावर बसून त्यांच्या रिकाम्या शर्टाची बटणं लावत होती, सोडत होती, पुन्हा लावत होती. धाकटी दारात उभी होती. तोंडाला रुमाल लावलेला, पण रुमालाच्या वरचे डोळे शिकत होते: डाव्या हाताने शर्ट ताणायचा, वरून खाली यायचं, शेवटचं बटण मोकळं सोडायचं.

पुढच्याच वर्षी तिला मालिकेत विधवेचं काम मिळालं. कागदावर नुसतं ‘ती रडते’ एवढंच होतं. तिने ग्लिसरीन नाकारलं आणि एक शर्ट मागवला. बारा वर्षं नायिकेची मैत्रीण म्हणून मागे उभी राहिलेली बाई त्या एका प्रसंगाने घराघरांत पोचली. हे सुचलं कसं, असं मुलाखतीत विचारलं, तर म्हणाली, “आतून आलं.” आतून कसलं, ताईच्या खोलीतून!

“ताई, ते तुझं होतं गं.”

“माहितीये की. पहिल्याच दिवशी ओळखलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? इतक्या वर्षांनी तुझं बस्तान बसत होतं.” ताईने स्वेटर तिच्याकडे सरकवला. “घे, तूच लाव. मी करायला गेले की आता मलाच नाटक वाटतं.”

आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, छडी चुकवणाऱ्या पोरीसारखे.

धाकटीने स्वेटर घेतला. चौथं बटण लावताना तिच्या लक्षात आलं, आपण ताईकडे बघतोय. खांदे वर, मान किंचित डावीकडे, तळवे खाली.

तिने डोळे घट्ट मिटून घेतले. बोटं तरीही चुकली नाहीत. शेवटचं बटण त्यांनी मोकळंच सोडलं.